मार्चअखेर आणि नोटपॅड

३१ मार्च २०१८. पतसंस्थेत पाय ठेवायला जागा नसते असा दिवस, आणि सकाळी सव्वादहाला काकांचा फोन. काका म्हणजे सांगलीजवळच्या एका पतसंस्थेतले जुने क्लार्क. त्यांची वेबसाइट आम्ही सांभाळायचो. "सर, पिग्मी एजंटांना लॉगिन होईना झालंय. पासवर्ड टाकला की फिरून तेच पान येतंय."

पासवर्ड चुकला असता तर लाल अक्षरांत तसं दिसलं असतं. तेही नाही. मी विचारलं, "काका, काही बदललंत का?"

"नाही हो. नुसती सूचना बदलली काल. तुम्ही शिकवलंत तशी."

सूचना म्हणजे लॉगिनच्या पानावरचा मराठी मजकूर. साइट पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होती, आणि साइटवरचं सगळं मराठी मी एका वेगळ्या पीएचपी फाइलमध्ये ठेवलं होतं. ती एफटीपीने (सर्व्हरवरून फाइली ने-आण करायची सोय) उतरवायची, अवतरणचिन्हांच्या आतलं बदलायचं, परत चढवायची. वर्षभर हे मीच करत होतो. काकांनी पहिल्यांदाच स्वतः हात घातला होता.

फाइल मागवून माझ्या मशीनवर टाकली. पहिल्या झटक्यात लॉगिन. यापेक्षा वाईट काही नसतं. "माझ्याकडे तर चालतंय" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य, आणि त्या सकाळी ते मी काकांना दोनदा ऐकवलं.

ऑफिसात आम्ही तिघं. एक विमवाला, एक सब्लाइम टेक्स्टवाला, मी व्हीएस कोडवर नवा नवा आलेला. तिन्ही कोड लिहायचे एडिटर. कुठला एडिटर चांगला यावरून डबे उघडले की भांडण ठरलेलं. त्या दिवशी तिघांनी तीच फाइल आपापल्या लाडक्या एडिटरमध्ये उघडली आणि तिघांनाही काही दिसलं नाही. अवतरणचिन्हं तपासली, अर्धविराम मोजले. सर्व्हरचा एरर लॉग बघायचं सुचेपर्यंत साडेअकरा वाजले. (हो, तोच आधी बघायला हवा होता.) लॉग म्हणत होता, हेडर (पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणारी माहिती) आधीच पाठवून झालेत, आणि आउटपुट सुरू झालंय त्या मराठी फाइलच्या पहिल्या ओळीवर. पहिल्या ओळीत होती फक्त पीएचपी सुरू करायची खूण.

विमवाल्याने काही न बोलता सर्व्हरवर फाइल उघडली आणि टाइप केलं, 'सेट बॉम्ब' आणि पुढे प्रश्नचिन्ह. विमने उत्तर दिलं: बॉम्ब. खरंच, त्या सेटिंगचं नाव तेच आहे.

बॉम म्हणजे बाइट ऑर्डर मार्क. यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या दोन पद्धती. यूटीएफ-१६ मध्ये बाइट कुठल्या क्रमाने वाचायचे हे त्यावरून कळतं. यूटीएफ-८ ला त्याची गरज नाही, पण तेव्हाचं विंडोजचं नोटपॅड यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करताना फाइलच्या तोंडाशी ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट चिकटवायचंच. डोळ्यांना काही दिसत नाही. पीएचपीच्या लेखी मात्र सुरुवातीच्या खुणेआधी जे असेल ते ब्राउझरकडे पाठवायचं, मग ते तीन बाइट का असेनात. आणि एकदा मजकूर निघाला की हेडर पाठवता येत नाहीत, सेशनची कुकी, म्हणजे कोण लॉगिन झालंय ते लक्षात ठेवणारी खूण, जात नाही. एजंट लॉगिन करायचा, आणि पुढच्या पानावर सर्व्हर त्याला ओळखच द्यायचा नाही.

मग माझ्याकडे कसं चाललं? माझ्या पीएचपीत आउटपुट बफरिंग ४०९६ बाइटवर चालू होतं, म्हणजे तेवढा मजकूर साठेपर्यंत तो धरून ठेवला जायचा. तिथे ते तीन बाइट बफरमध्येच थांबत आणि हेडर आधी निघून जात. सर्व्हरवर बफरिंग बंद.

आता खरी लाजेची गोष्ट. काकांना नोटपॅड मीच सांगितलं होतं. फोनवर, एकेक शब्द सावकाश: "सेव्ह करताना खाली एएनएसआय दिसेल, ते ठेवू नका, मराठीची सगळी प्रश्नचिन्हं होतील. यूटीएफ-८ निवडा." काकांनी अगदी तस्सं केलं होतं. वर, व्हीएस कोडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात 'यूटीएफ-८ विथ बॉम' असं स्वच्छ लिहून येतं. सकाळभर ते माझ्या समोर होतं. मी थीमचे रंग निवडण्यात दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, तो कोपरा कधी वाचला नव्हता.

'नोबॉम्ब' करून फाइल सेव्ह केली. दोन सेकंद. एजंट आत गेले.

पुढच्या आठवड्यात मी पेन ड्राइव्ह घेऊन पतसंस्थेत गेलो. काकांचं मशीन विंडोज ७, रॅम २ जीबी, शेजारी टॅली उघडलेलं. हौसेने व्हीएस कोड टाकलं. ते इलेक्ट्रॉनवर उभं, म्हणजे आत अख्खं क्रोमियम, एक पूर्ण ब्राउझरच. उघडेपर्यंत काकांचा अर्धा चहा झाला. नंतर चुकून डावीकडची पट्टी बंद झाली तर "फाइली गेल्या की हो!" म्हणून ते उभेच राहिले. काढून टाकलं. मग नोटपॅड प्लस प्लस. २००३ पासूनचं, हलकं, क्लिक केलं की समोर. नवी फाइल बॉमशिवाय यूटीएफ-८ मध्येच बनेल असं सेटिंग करून ठेवलं. जुन्या फाइलला बॉम चिकटलेला असेल तर खालच्या पट्टीत 'यूटीएफ-८-बॉम' दिसतंच. ऑफिसात परत येऊन हे सांगितल्यावर विमवाला हसला नाही, हे विशेष.

२०१९ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर नोटपॅडही बॉमशिवाय सेव्ह करू लागलं. पण काकांच्या विंडोज ७ ला त्याचा काय उपयोग.

त्या दिवशी पतसंस्थेतून मी निघताना काकांनी डायरी काढली, माझी जुनी सूचना रेघ मारून खोडली आणि खाली लिहिलं: 'नोटपॅड नाही. अधिक-अधिकवालं नोटपॅड. खाली बॉम दिसल्यास सेव्ह करू नये, सरांना फोन.' मग पेन तसंच धरून विचारलं, "सर, दुपारी जेवणाच्या वेळेत केला तर चालेल ना?"