कड्यावरचे धुरके आणि काचेतले धुरके

दरीपलीकडच्या एका उभ्या कड्यावरील भेगा रुंदावत आहेत की काय, हे तपासण्यासाठी काही भूवैज्ञानिकांना त्या कड्याची तपशीलवार छायाचित्रे हवी होती आणि ते काम माझ्याकडे आले होते. पायथ्याशी जाणे धोक्याचे असल्यामुळे समोरच्या उतारावरून, सुमारे २ किलोमीटर अंतरावरून, छायाचित्रण करायचे ठरले. आदल्या संध्याकाळी माझ्या नेहमीच्या टेलिफोटो लेन्सची फोकसची मोटर बंद पडली, आणि सकाळी पिशवीत निघाली ती जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीची, एम-४२ आट्यांची (म्हणजे कॅमेऱ्यावर स्क्रूसारखी फिरवून बसणारी), ३०० मिलिमीटरची जुनी लेन्स. तिच्यात मोटरच नव्हती, त्यामुळे बिघडण्यासारखे काही नाही, असे मी स्वतःला समजावले. ते समाधान फार तर तीन तास टिकले.

अशी लेन्स आरशाविना असलेल्या कॅमेऱ्यावर बसवणे अवघड नसते. एम-४२ लेन्सचा माउंट, म्हणजे ती जिथे कॅमेऱ्याला टेकते ती बैठक, सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटरवर असावा लागतो आणि माझ्या कॅमेऱ्यात तेच अंतर १८ मिलिमीटर आहे, तेव्हा उरलेले अंतर अडॅप्टरची नळी भरून काढते. ही नळी बहुधा किंचित आखूड बनवलेली असते, म्हणून लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबता येत नाही. खूण ओलांडून थोडे पुढे गेले तरी रिंग फिरतच राहते आणि दूरचे दृश्य पुन्हा अस्पष्ट होते. स्वच्छ हवेत ही चूक पटकन दिसते. धुरकट हवेत मात्र फोकस चुकला आहे की हवाच तशी आहे, हे उमगत नाही.

त्या सकाळी हवा तशीच होती. दृश्यता साधारण ५ किलोमीटर असेल. जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार वस्तूचा उठाव (कॉन्ट्रास्ट) अंतराबरोबर घातांकी वेगाने घटतो, आणि त्या हिशेबाने २ किलोमीटरवरच्या कड्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उठाव माझ्यापर्यंत पोहोचणार होता. शिवाय सूर्य कड्याच्या माथ्यावर, म्हणजे माझ्या समोर होता. धुरक्यातील कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात, त्यामुळे सूर्याकडे तोंड केले की तेच धुरके कितीतरी अधिक उजळ दिसते. तरीही सकाळच निवडली होती, कारण ऊन तापल्यावर जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि ३०० मिलिमीटरच्या चित्रात ती थरथर सरळ उतरते. माझ्या सेन्सरवरील एक पिक्सेल त्या अंतरावर सुमारे ४ सेंटिमीटर झाकतो. हवा हलली की हा हिशेब कागदावरच राहतो.

फोकस साधण्यासाठी, फोकसमध्ये आलेल्या रेषा पडद्यावर रंगवून दाखवणारी सोय मी चालू केली, पण तिला उठाव लागतो आणि तोच तर नव्हता. मग कॅमेऱ्याची चित्रशैली कृष्णधवल केली, तिच्यात लाल फिल्टरचा परिणाम निवडला आणि कॉन्ट्रास्ट शेवटच्या टोकाला नेला. रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीवर, याचा काही परिणाम होत नाही. पडद्यावर मात्र कातळाच्या रेषा अचानक उमटल्या. दृश्य दहापट मोठे करून, रिंग पुढे-मागे हलवत, मी ६४ चित्रे घेतली. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणती छटा किती आहे हे दाखवणारा आलेख, मधोमध एका अरुंद टेकाडासारखा उभा होता आणि डावीकडची बाजू, जिथे काळे असायला हवे, ती पूर्ण रिकामी होती. धुरके आहे म्हटल्यावर असे होणारच, असे म्हणून मी ते सोडून दिले.

हा दोष हवेचा नसावा, ही शंका निव्वळ योगायोगाने आली. पंचवीस-तीस मीटर पुढे, एका खडकाच्या सावलीत मी माझी काळी पिशवी ठेवली होती. कंटाळून मी तिच्यावर फोकस करून एक चित्र घेतले, आणि ती राखाडी आली. तीस मीटरच्या हवेने काळ्याचे राखाडी होणे शक्य नाही. पाच किलोमीटर दृश्यतेच्या हवेत एवढ्या अंतरावर उठावाची घट अडीच टक्क्यांहूनही कमी असते. कडा आणि पिशवी दोन्ही सारख्याच फिकट दिसत असतील, तर तो पडदा अंतराचा नव्हे, कॅमेऱ्याच्या या बाजूचा.

पुढची परीक्षा अधिक सोपी होती, आणि ती पहाटेच का सुचली नाही याचे मला अजून वैषम्य वाटते. कॅमेऱ्याची चौकट तीच ठेवून मी एक पुठ्ठा असा धरला की त्याची सावली लेन्सच्या पुढच्या काचेवर पडेल, पण पुठ्ठा चित्रात येणार नाही. हिस्टोग्रामचे टेकाड झटकन डावीकडे सरकले. दूरच्या हवेला माझ्या पुठ्ठ्याशी काही देणेघेणे नव्हते. बदलले होते ते फक्त लेन्सच्या आत शिरणारे थेट ऊन.

लेन्स काढून, ॲपर्चर (प्रकाश कमी-जास्त करणारे पात्यांचे छिद्र) पूर्ण उघडून, मी मागच्या बाजूने तिरपा टॉर्च टाकला. पुढची काच लख्ख होती, बुरशीचा एकही धागा नव्हता, पण ॲपर्चरच्या पात्यांजवळच्या काचेवर आरशावर फुंकर मारल्यावर येतो तसा दुधी थर दिसत होता. फोकसच्या आट्यांमधील जुन्या वंगणाचा तेलकट अंश वर्षानुवर्षे आत फिरून काचांवर बसतो, त्याचाच हा प्रकार. खरेदी करताना मी लेन्स आकाशाकडे धरून पाहिली होती. तसे पाहून हा थर दिसत नाही. त्याला तिरपा प्रकाशच लागतो. त्यात या लेन्सवरचे परावर्तन रोखणारे कोटिंग एकाच थराचे, आणि भर म्हणून मी तिच्यापुढे अतिनील फिल्टर लावला होता. फिल्मच्या काळात त्याला अर्थ होता, कारण फिल्म अतिनील किरण टिपत असे आणि दूरचे डोंगर निळसर येत. डिजिटल सेन्सरपुढे ते किरण अडवणारी काच आधीच असते. माझ्या फिल्टरने केले ते एवढेच, की परावर्तन करणारे आणखी दोन पृष्ठभाग वाढवले.

लेन्स उतारावर उघडणे हा वेडेपणा ठरला असता. मी फिल्टर काढला, काळ्या कागदाची गुंडाळी करून हूड, म्हणजे लेन्सपुढची ऊन अडवणारी नळी, जवळजवळ दुप्पट लांब केला आणि सूर्य माझ्या पाठीमागे येण्याची वाट पाहत बसलो. दुपारनंतर कड्यावर समोरून ऊन पडले आणि धुरके दिसायला विरळ झाले, पण अपेक्षेप्रमाणे हवेची थरथर सुरू झाली होती. म्हणून प्रत्येक चौकटीची १६ चित्रे पाठोपाठ घेतली. संगणकावर त्यांची सरासरी काढली की नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदार गोंधळ, एक चतुर्थांशावर येतो आणि थरथरही बरीचशी निवते. एरवी ही उठाठेव मी केली नसती; पण धुरकट चित्राचा उठाव ताणताना नॉइजही तेवढाच ताणला जातो. रॉ फाइल १४ बिटची म्हणजे १६,३८४ पातळ्यांची असल्यामुळे ते ताणणे तिने सोसले. २५६ पातळ्यांच्या जेपेगमध्ये पट्टे उमटले असते. जुन्या लेन्सची जांभळी किनार टाळायला ॲपर्चर एफ-८ वर ठेवले होते. शेवटी कृष्णधवल रूप फक्त लाल चॅनेलमधून काढले, कारण विखुरलेल्या प्रकाशात निळा भाग जास्त असतो आणि लाल कमी.

दोन्ही संच मी पाठवून दिले. तिसऱ्या दिवशी गटप्रमुख बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज शांत होता, पण त्या घाईत होत्या. ‘‘सकाळच्या चित्रांत खालच्या टप्प्यावर काही नाही आणि दुपारच्या चित्रांत तिथे स्पष्ट काळी रेघ आहे. एवढ्या सहा तासांत भेग पडली असेल, तर आम्हाला आजच खालचा रस्ता बंद करायला सांगावे लागेल. तुम्ही तिथे होतात, काही आवाज आला का?’’

मी सकाळच्या त्या चौकटीची रॉ फाइल उघडली आणि काळ्याची पातळी वर ओढत नेली. बरेच ओढल्यावर रेघ तिथेच, त्याच वळणाने, पुसट पुसट वर आली. भेग सकाळीही होती. माझ्या लेन्समधील दुधी थराने ती झाकली होती. मी त्यांना तसे सांगितले, ओढलेले चित्र आणि पिशवीचे राखाडी चित्र शेजारी शेजारी ठेवून पाठवले, आणि सकाळची उरलेली ६३ चित्रे तपासणीतून मागे घ्यावीत असे लेखी कळवले.