आकडे ज्याच्या त्याच्या हाती: हॅम्बुर्गहून मांद्र्याला

हॅम्बुर्गमधल्या ज्या गोदामासाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो, तिथे फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याच्या टॅब्लेटवर त्याच्या पाळीचे आकडे दिसतात. कुठे माल अडलाय, कुठला ट्रक उशिरा येतोय, दुपारपर्यंत किती पॅलेट बाहेर काढायचेत. त्यासाठी त्याला दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लॉगिन करावं लागत नाही. ज्या स्क्रीनवर तो माल स्कॅन करतो, त्याच स्क्रीनवर आलेख. आमच्याकडे याला एम्बेडेड अ‍ॅनालिटिक्स म्हणतात. मी गोव्यात नोकरी करत होतो तेव्हा असा आकड्यांचा फलक, म्हणजे डॅशबोर्ड, फक्त साहेबांच्या केबिनमध्ये असायचा. त्याचं एक कारण पैशाचं होतं: असली साधनं बहुधा माणशी परवान्याने विकली जायची, मग प्रत्येक कामगाराला कोण देणार? आता माणसं न मोजता, सर्व्हरची किती क्षमता वापरली त्यावर भाडं घेणाऱ्या सेवा आहेत. शिवाय २०१५ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेलं सुपरसेट, तसंच मेटाबेस, यांसारखी मुक्त स्रोत साधनंही आहेत.

हे सगळं गोव्यातल्या मांद्र्याच्या आमच्या वहिनींमुळे लिहितोय. त्यांचं छोटं हॉटेल आहे. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "भावोजी, बुकिंगचं सॉफ्टवेअर घेतलंय, पण डिसेंबरात किती खोल्या रिकाम्या ते कळायला मला चिरंजीवांची वाट बघावी लागते. तो एक्सेल काढतो, मग सांगतो." माहिती त्यांचीच, त्यांच्याच घरात, आणि तिच्यापर्यंत पोचायला मध्ये माणूस लागतो! वहिनींना रिकाम्या खोल्या आणि एजंटांकडची येणी हवीत. स्वयंपाकघराला उद्या सकाळचे नाश्ते किती ते हवं. खोल्या आवरणाऱ्या बायकांना आज कुठल्या खोल्या सुटणार, कुठल्या दुपारीच भरणार, ते कळलं तर त्यांची अर्धी धावपळ वाचेल. काउंटरवरच्या मुलीला मात्र येणी दिसायचं कारण नाही.

म्हणजे स्क्रीन एक, पण प्रत्येकाला दिसणारं वेगळं. हे काम सर्व्हरवरच व्हायला हवं. माणूस कोण, त्याची भूमिका काय, हे लिहिलेलं सही केलेलं टोकन बुकिंगचं सॉफ्टवेअर आलेखाच्या सेवेला देतं, आणि तिथे डेटाबेसमधून त्या भूमिकेच्याच ओळी बाहेर येतात. नुसता ब्राउझरमध्ये रकाना लपवला तर तो उघडणं जाणत्याला अवघड नाही. टोकनाचा आणखी एक फायदा. आलेखाची चौकट दुसऱ्याच संकेतस्थळावरून येत असेल, तर अ‍ॅपलचा सफारी ब्राउझर २०२० पासून तिच्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या खुणा, अडवतो, आणि आत वेगळं लॉगिन ठेवलं असेल तर ते तिथेच अडकतं. टोकन असलं की ते वेगळं लॉगिनच लागत नाही. आलेखांसाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेवलेली बरी. नाताळच्या गर्दीत पाहुणा काउंटरवर ताटकळतोय आणि सर्व्हर वर्षभराची बेरीज करत बसलाय, असं नको.

पण जर्मनीत मी जे खरं शिकलो ते तंत्राच्या पलीकडचं आहे. इथे कामगार आपलं मंडळ निवडतात, त्याला बेट्रीब्सराट म्हणतात. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवू शकेल असं यंत्र वा सॉफ्टवेअर आणायचं, तर या मंडळांविषयीच्या जर्मन कायद्याच्या कलम ८७ नुसार त्यात या मंडळाची संमती लागते. आमच्या डॅशबोर्डवर प्रत्येक चालकाचा वेग नावानिशी दाखवायची मागणी गोदामाच्या व्यवस्थापनाकडून आली होती. मंडळातल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "हा आकडा चालकाच्या काय उपयोगाचा?" समाधानकारक उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेवटी नावं गेली, पूर्ण पाळीचा आकडा राहिला. मला तो निर्णय मनापासून पटला. ज्याच्यासमोर आकडा ठेवायचा, त्याला त्यावरून काहीतरी करता आलं पाहिजे. नाहीतर तो कॅमेराच झाला.

गोव्यातल्या लहान हॉटेलांत असं मंडळ नसतं, म्हणून हा प्रश्न मालकांनीच स्वतःला विचारायला हवा. खोल्या आवरणाऱ्या कुणी किती मिनिटं घेतली याची यादी भिंतीवरच्या टीव्हीवर लावायचं वहिनींच्या मनात होतं. मी म्हटलं, वहिनी, त्याऐवजी कुठल्या खोलीला चादरी कमी पडल्या ते दाखवा. त्यांनी ऐकलं.

चवथ झाल्यावर पर्वरीहून त्यांचा सॉफ्टवेअरवाला येणार आहे. त्याला दोन गोष्टी विचारा असं मी सांगून ठेवलंय: भूमिकेप्रमाणे ओळी सर्व्हरवर गाळता का, आणि उद्या मी तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर माझे आकडे मला कुठल्या स्वरूपात परत मिळतील?