सौ.चा सोमवार आणि ज्वालामुखी

येळ्ळूरचा राजहंसगड चढताना धापा टाकणारे आम्ही दोघं, आज पहाटे चारला बालीतल्या माउंट बातूरच्या पायथ्याशी टॉर्च घेऊन उभे. उंची १७१७ मीटर, आणि ज्वालामुखी चक्क जिवंत!

गाइड विशीतली पोरगी. वाटेत देवळापाशी थांबली, पानाच्या द्रोणात फुलं ठेवली, उदबत्ती लावली आणि परत भराभर चालू लागली. शेवटचा टप्पा म्हणजे नुसती काळी रेव. एक पाऊल वर, अर्धं खाली. एकदा सपशेल बसलो. पँटचं काय झालं ते विचारू नका.

वर कडाक्याची थंडी आणि खडकाच्या फटीतनं वाफ. हात धरला तर चुलीपुढं बसल्यागत ऊब. त्याच वाफेवर गाइडनं अंडी आणि केळी शिजवली. सौ.चा सोमवार, तिनं केळंच घेतलं. "उपासाला चालतंय की, देवाच्या चुलीवरचं हाय," म्हणाली. मी बॅगेतला कुंदा काढला. पोरीनं दोनदा मागून खाल्ला.

तळ्यापलीकडं सूर्य वर आला तेव्हा कुणी काही बोललं नाही.

उतरताना १९६३ चा लाव्हा दिसला, नांगरून टाकलेल्या काळ्या रानासारखा. १९२६ च्या उद्रेकात बातूर गावच गाडलं गेलं, मग लोकांनी वर कड्यावर नवं वसवलं. आपल्या पाट्या-वरवंट्याचा काळा दगडही कधीकाळी असाच वाहत आला होता, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

इथले आठ, बेळगावात साडेपाच. आईनं फोटो बघून लगेच फोन केला: "धूर येतोय तिथं काय बसलाय? उतरा आधी खाली!"