दहावीनंतर वर्षभर अमेरिका: आमची तयारी

आमची लेक रोटरी क्लबच्या युथ एक्सचेंजमधून, म्हणजे शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीतून, वर्षभरासाठी मिनेसोटाला गेली आहे. अर्ज दहावीच्या वर्षातच भरावा लागतो, म्हणजे बोर्डाचा अभ्यास आणि हे फॉर्म एकाच टेबलावर. तेव्हा शेजारच्या काकी जिन्यात गाठून म्हणायच्या, "बेन, छोकरीनुं वरस बगडशे." म्हणजे पोरीचं वर्ष वाया जाणार. बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाचं काय चाललंय हे लपत नाही. सासूबाईंची शंका मात्र निराळी होती. परकी माणसं आपल्या पोरीला फुकट का सांभाळतील?

प्रश्न योग्यच होता. ज्या जे-१ व्हिसावर ही मुलं जातात, त्याच्या नियमांप्रमाणे यजमान कुटुंबाला पैसे देता येत नाहीत. त्या घरातल्या मोठ्या माणसांची गुन्हेगारी नोंद तपासतात, घरी जाऊन मुलाखत घेतात, आणि मुलीकडे लक्ष ठेवणारा स्थानिक प्रतिनिधी त्या घरापासून १२० मैलांच्या आत राहणारा हवा. त्याने दर महिन्याला तिची विचारपूस करायची. हे सगळं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. "१२० मैल म्हणजे किती गं?" म्हटलं, इथून नवसारीच्याही थोडं पुढे. "मग त्याला जवळ म्हणतात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कागदपत्रांचं फार भय बाळगू नका. वय १५ पूर्ण आणि साडेअठराच्या आत, शाळेची गेल्या काही वर्षांची गुणपत्रकं शिक्क्यासह, दोन्ही पालकांच्या सह्या. तिकडचा क्लब, शाळा आणि पहिलं कुटुंब यांच्या सह्यांचा गॅरंटी फॉर्म आला की डीएस-२०१९ हा व्हिसासाठी लागणारा फॉर्म मिळतो, मग सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीची फी, आणि मग मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाची मुलाखत. तिथे उत्तरं मुलीनेच द्यायची असतात. कुठे राहणार, कोणती शाळा, परत कधी येणार, एवढं तिला न अडखळता सांगता यायला हवं.

खरा वेळ खाल्ला तो आरोग्याच्या फॉर्मने. लहानपणची लसीकरणाची फाईल शोधली तर कांजिण्यांचा दुसरा डोस राहिलेला. तो दिला. मग टीबीची चाचणी. हातावर मॅन्टूची सुई दिली आणि दोन-तीन दिवसांनी बघायचं म्हणाले, तर तिथे चांगली टपोरी गाठ. माझा जीव टांगणीला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, जन्मल्यावर बीसीजी दिलेल्या मुलांमध्ये असं होऊ शकतं, रक्ताची इग्रा चाचणी करून घ्या. ती निगेटिव्ह आली आणि तो अहवाल फॉर्मला जोडला. ज्यांची मुलं जाणार आहेत त्यांना माझं सांगणं, सुई टोचण्याआधीच डॉक्टरांना विचारा की थेट रक्ताची चाचणी चालेल का.

पण या सगळ्यापेक्षा जास्त मेहनत जेवणाच्या ताटावर झाली, आणि ती आम्हाला आमच्याकडे राहिलेल्या ब्राझीलच्या मुलामुळे सुचली. आपलं मूल पाठवायचं तर दुसऱ्याचं घरी ठेवायचं, अशी ही देवाणघेवाण असते. पहिल्या रविवारी सासूबाईंनी पुरणपोळी केली. दोन खाऊन तो "नो, थँक यू" म्हणाला. तिसरी ताटात पडली. पुन्हा "नो". तिच्यावर तूप पडलं. बिचारा घामाघूम होऊन खात राहिला, कारण ताटात आलेलं टाकायचं नाही हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. तो झोपायला गेल्यावर लेक म्हणाली, "आई, तिकडे मी एकदा नको म्हटलं तर मला कोण पुन्हा विचारणार आहे?"

मुद्दा बरोबर होता. आपल्याकडे पहिलं 'नको' हे शिष्टाचाराचं असतं, दुसरं लाजेचं, आणि तिसऱ्याला कोणी जुमानत नाही. मूल त्या आग्रहावरच वाढतं. त्याला भूक आहे हे सांगावं लागत नाही, ते आजीला आधीच कळतं. तिकडची माणसं प्रेमळच असतात, पण 'नको' ऐकलं की भांडं झाकून फ्रीजमध्ये ठेवतात. मग आम्ही घरात नियम केला: लेकीला एकदाच विचारायचं. नको म्हणाली की भांडं उचलायचं. एका रात्री ती सवयीने नको म्हणाली, सासूबाई हात बांधून बसल्या आणि मध्यरात्री दोघी स्वयंपाकघरात गूळ-पोळी खाताना सापडल्या. नियम मोडला खरा, पण दुसऱ्या दिवसापासून लेक "अजून एक दे" असं स्पष्ट म्हणू लागली.

तेच जाण्या-येण्याचं. इथे मैत्रीण स्कूटीवरून येते, खालून हॉर्न देते, की निघाली. तिकडे रोटरीच्या नियमांप्रमाणे गाडी चालवायची नाही, आणि दारू, नशा, प्रेमप्रकरण यांनाही बंदी. छोट्या गावात बसही क्वचितच. म्हणजे प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारायचं: मला सोडाल का, परत घ्यायला याल का. आमच्या पोरीला तर "राहू दे, मी जाईन ना चालत" म्हणायची खोड. म्हणून बाबांकडे आदल्या दिवशी, परतीची वेळ सांगून लिफ्ट मागायची असा सराव सुरू केला. बाबांनीही दोनदा मुद्दाम नाही म्हटलं. रुसली, पण तिकडे नकार आला तर काय करायचं हे तिला कळलं.

बडोद्यात राहून महाराज सयाजीराव गायकवाडांची आठवण निघणारच. कवळाण्याच्या गोपाळरावांना, म्हणजे याच सयाजीरावांना, १८७५ मध्ये इथे दत्तक आणलं तेव्हा ते १२ वर्षांचे होते. नवं घर, नवी आई, पुढे इंग्रज शिक्षक. त्याच महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. आजोबा हे दोन्ही दाखले देऊन काकींना गप्प करायचे. माझ्या मते दाखले जरा वजनदार होते, पण चालले.

सामानात लोकरीचं काही भरू नका. वडोदऱ्याचं स्वेटर मिनेसोटाच्या जानेवारीत रुमालासारखं. यजमानांनी त्यांच्या मुलीचं जुनं जाकीट आणि बूट काढून ठेवले आहेत, असं कळवलं होतं. त्याऐवजी छोट्या भेटी घ्या. कुटुंब वर्षात दोन-तीनदा बदलतं, तेव्हा त्या पुरायला हव्यात.

फोन फक्त रविवारी, आमच्या रात्री म्हणजे त्यांच्या सकाळी. शाळेने अकरावीची जागा राखल्याचं पत्र दिलं आहे. विज्ञान की वाणिज्य, हे तिने मार्चपर्यंत कळवायचं आहे.