पाइपाला उतार असतो

आमच्या आर्किटेक्ट ऑफिसने थ्रीडीत काम करायचं ठरवलं ते एका सांडपाण्याच्या पाइपामुळे. सुंदर रेंडर, बिल्डरवर छाप पाडणं वगैरे पुढच्या गोष्टी.

आधीच्या एका इमारतीत स्टिल्टच्या, म्हणजे तळाच्या खांबांवरच्या पार्किंगच्या, छताखालून १६० मिलिमीटरचा पाइप जायचा होता. प्लॅनवर ती एक तुटक रेघ. रेघेला उतार नसतो, जाडी नसते. साइटवर मात्र साठाला एक उतार धरला, की १२ मीटरच्या धावेत पाइप २०० मिलिमीटर खाली उतरतो. बीमचा तळ २.५ मीटरवर, म्हणजे पाइपाचा तळ सुरुवातीला २.३४ मीटरवर आणि शेवटी २.१४ मीटरवर. तो शेवट नेमका गाड्या आत येण्याच्या वाटेवर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी टेप लावून विचारलं, "मॅडम, अॅम्ब्युलन्स कशी यायची?" बीमला कोअर कटिंग करू, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडू म्हटलं, तर इमारतीच्या सांगाड्याचा हिशेब करणारे आरसीसी कन्सल्टंट फोनवरच ओरडले. त्यांचंही बरोबर होतं, आतली सळई कापली गेली असती. शेवटी पाइप भिंतीकडेने फिरवला, दोन चेंबर वाढवले, नवीन घातलेले पेव्हर उखडले आणि तो खर्च आमच्या फीमधून गेला. ड्रॉइंग माझं होतं, सही माझी होती.

मी टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर शिकलेली. शाईची रेघ चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची. पुढे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड आलं, खरवडणं संपलं. पण कागदावरचीच रेघ आम्ही स्क्रीनवर मारत होतो. प्लॅन एक जण काढायचा, सेक्शन दुसरा, एलिव्हेशन रात्री जागून मी. तिन्ही जुळतात की नाही, हे तपासणार आमचे ड्राफ्ट्समन काका, डोळ्यांनी.

थ्रीडीसाठी आधी स्केचअप हे सॉफ्टवेअर घेऊन पाहिलं. दोन दिवसांत हात बसला. आकार ठरवायला, दोन-तीन पर्याय पटकन दाखवायला ते आजही उघडते. पण तिथली भिंत म्हणजे आम्ही वर ओढलेला एक ठोकळा. ती विटेची की ब्लॉकची, तिच्यात दार आहे की नुसतं भोक, हे त्याला आपणहून कळत नाही. मग रेव्हिट, जिथे भिंत ही भिंत म्हणूनच काढायची. सॉफ्टवेअर तसं जुनंच, २००२ मध्ये ते ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने विकत घेतलं. मला त्याच्याकडे वळायला आणखी वीस वर्षं लागली. दादरहून शनिवार-रविवार अंधेरीला क्लास. बॅचमध्ये सगळी माझ्या मुलीच्या वयाची. सर मला "मॅम, तुम्ही प्रॅक्टिस करता ना?" असं इतक्या आदराने विचारायचे, की शंका विचारायचीच लाज वाटायची.

पहिलं काम घेतलं मुलुंडच्या सात मजली पुनर्विकासाचं. सुरुवातीचा दीड महिना मी रोज ऑटोकॅडला परत जायच्या बेतात होते. ऑटोकॅडमध्ये दोन रेघा ओढल्या की भिंत झाली. इथे आधी विचारणा: जाडी किती, कुठल्या लेव्हलपासून कुठल्या लेव्हलपर्यंत, वर बीमला टेकते की स्लॅबला? यातलं निम्मं आम्ही "साइटवर बघू" म्हणून ढकलत आलो होतो. आता ढकलायला जागाच उरली नाही. टॉयलेटचा सन्क स्लॅब, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅब, किती खाली, हे ठरवल्याशिवाय खालच्या मजल्यावरचं फॉल्स सीलिंग दिसेना.

ऑफिसमधल्या नव्या मुलीला सगळ्या कमांड पाठ. काकांना माउस धरायचाही कंटाळा. मला वाटलं होतं काका निवृत्ती मागतील. ते तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "बाळा, ही भिंत हवेत आहे. खाली बीम कुठाय?" तिला ते दिसलंच नव्हतं. नंतर त्यांनी स्टूल ओढलं ते कायमचं. मॉडेल उघडलं की चहा घेऊन शेजारी बसायचे. साइटवर तीस वर्षं काय कुठे आपटतं हे पाहिलेल्या माणसाला इमारत फिरवून बघता यायला लागली, की तो वरवरचं पाहत नाही.

खरी गंमत क्लॅश, म्हणजे पाइप, बीम, भिंती एकमेकांत घुसतात त्या जागा, काढताना. पाइपलाइनवाल्या कन्सल्टंटने थ्रीडी द्यायला साफ नकार दिला, म्हणून त्याच्या पीडीएफवरून पाइप आम्हीच मॉडेलमध्ये घातले, उतारासकट. आरसीसीवाल्यांचं ईटॅब्ज या त्यांच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल हिशेबासाठी. त्यात बीम म्हणजे मधून जाणारी रेघ. तेही आम्ही पुन्हा जाडी-खोलीसह उभं केलं. सगळं एकत्र करून तपासणी चालवली तर चारशेच्या वर टकरी! मी हादरलेच. त्यातल्या बहुतेक फुसक्या निघाल्या, भिंतीतून जाणाऱ्या पाइपालाही ते टक्करच म्हणतं. गाळून उरल्या अकरा, आणि त्या अकराही साइटवर रडवणाऱ्या होत्या. जिन्याच्या मधल्या लँडिंगच्या बीमखालून मीटर रूमकडे जायची वाट होती, तिथे उंची उरत होती १.९५ मीटर. नॅशनल बिल्डिंग कोडला किमान २.२ हवी. बीम उलटा केला, स्लॅबच्या वर घेतला, प्रश्न मिटला. एका फोनचं काम. शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, लागल्यावर हेच कळलं असतं तर?

उन्हाचंही असंच. उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही, हे आम्ही सगळे धरून चालतो. पण मुंबई १९ अंशांवर आहे. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जून-जुलैत ढग वाचवतात, मेचे शेवटचे आठवडे नाही. मॉडेलला शहर आणि तारीख सांगितली तर उत्तरेच्या बेडरूमवर सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन सरळ आत. आडव्या छज्ज्याने ते अडेना, म्हणून खिडकीच्या कडेला उभ्या पट्ट्या दिल्या. पश्चिमेलाही तेच केलं.

सोसायटीच्या सभेत मॉडेलमधून फिरवलं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे स्वयंपाकघरातून मला समोरचा डक्टच दिसणार?" प्लॅन त्यांनी तीनदा पाहिला होता, सहीही केली होती. ओटा आम्ही दुसऱ्या भिंतीला नेला. याची दुसरी बाजूही सांगते. चित्रात सोफा दिसला की लोक विचारतात, "सोफा बिल्डर देणार ना?" गच्चीवर दाखवलेली दोन झाडं अजून माझ्या मानगुटीवर आहेत. आता मी रिकाम्या, पांढऱ्या खोल्याच दाखवते.

कटकटी आहेतच. दरवर्षी सबस्क्रिप्शन भरायचं. ऑटोडेस्कने २०१६ पासून कायमचं लायसन्स विकणं बंद केलंय. जुने लॅपटॉप फाइल उघडतानाच मान टाकायचे, दोन नवे घ्यावे लागले. एकदा ऑफिसमधल्या त्या मुलीने फाइल नव्या आवृत्तीत सेव्ह केली आणि बाहेर काम करणाऱ्याच्या जुन्या आवृत्तीत ती उघडेचना. मागे येता येत नाही त्यात. आठवडा वाया गेला. आणि महापालिकेला नकाशे दिले ते शेवटी ठरलेल्या लेयर-रंगांच्या टूडी ड्रॉइंगमध्येच. मॉडेलमधून काढलेली ती ड्रॉइंग साफ करत काका दोन दिवस पुटपुटत होते.

मागच्या महिन्यात पहिल्या स्लॅबचं शटरिंग पाहायला गेलो. मॉडेलप्रमाणे बीममधून पाइप न्यायला चौदा स्लीव्ह, म्हणजे काँक्रीटआधीच बसवायच्या नळ्या, ठेवायच्या होत्या, आरसीसीवाल्यांनी जागा मंजूर केलेल्या. काका सळयांवरून पाय जपत एकेक बीम चालले, बोटांवर मोजत. तेरा भरल्या. पुन्हा मोजल्या, तेराच. मिस्त्री म्हणाला, "साहेब, एक राहिली तर काय होतं?" काका तिथेच फळीवर बसले आणि स्लीव्ह आणून बांधेपर्यंत उठले नाहीत. काँक्रीटची गाडी गेटवर उभी होती.