कृत्रिम पाय घेऊन विमानप्रवास : पुणे ते जयपूर आणि परत

माझे मामा एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. अपघातानंतर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आणि तेव्हापासून ते जयपूर फूट वापरतात. उरलेला पाय काळानुसार बारीक होत जातो आणि सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, सैल पडून घासू लागते, तसे या हिवाळ्यात झाले. पाय बसवून घ्यायला आधीच्या दोन्ही खेपांना ते जयपूरला रेल्वेने गेले होते. या वेळी इतके तास बसवणार नाही म्हणून आम्ही विमानाची तिकिटे काढली. जयपूरच्या कामापेक्षा त्या चार दिवसांत विमानतळावरच्या तपासणीनेच आम्हाला जास्त शिकवले, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पहिली अडचण आली ती पायामुळे नव्हे, खोबऱ्यामुळे. जयपूरला ज्यांच्याकडे उतरायचे होते त्यांच्यासाठी मामींनी भाजणीबरोबर सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या मोठ्या बॅगेत घातल्या होत्या. बॅग जमा करून आम्ही पुढे निघालो आणि काउंटरवरून परत बोलावणे आले. सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण फार असते आणि ते पेट घेऊ शकते, म्हणून २०२२ पासून ते चेक-इन सामानात नेता येत नाही. चूक सर्वस्वी आमची होती. बॅग उघडून वाट्या तिथेच सोडाव्या लागल्या आणि वीस मिनिटे गेली. याच्या उलट पॉवर बँकेचे आहे : ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच ठेवावी लागते. या दोन्ही वस्तू आदल्या रात्रीच तपासून घ्याव्यात.

पुण्याच्या तपासणीत मेटल डिटेक्टरची चौकट अपेक्षेप्रमाणे वाजली. जयपूर फूटचे पाऊल रबराचे असते आणि पोटरी जाड प्लास्टिकच्या पाइपाची, त्यामुळे पुष्कळांना वाटते की यंत्राला काही कळणार नाही. पण पाऊल पोटरीला जोडणारे स्क्रू आणि बोल्ट धातूचे असतात. मामांनी चौकटीत शिरण्यापूर्वीच जवानाला सांगितले, ‘उजवा पाय बनावट आहे, यंत्र वाजेल.’ त्यांना बाजूला बसवून हातातल्या डिटेक्टरने तपासले, पायजमा थोडा वर घ्यायला सांगितला, स्फोटकांचे अंश टिपणारी छोटी पट्टी सॉकेटच्या कडेवरून आणि तळहातांवरून फिरवून यंत्रात घातली आणि पाच मिनिटांत सोडले. पाय काढण्याचा विषयही निघाला नाही.

जयपूरचे काम थोडक्यात सांगतो. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून हे पाय विनामूल्य बसवून देते. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास घडवलेल्या या पावलावर माणूस उकिडवा बसू शकतो आणि अनवाणी चालू शकतो. सकाळी माप दिले की पुष्कळदा त्याच दिवशी पाय मिळतो. आमच्या बाबतीत सॉकेट दोनदा घासून बसवावे लागले, म्हणून दुसरा दिवस लागला. निघण्यापूर्वी पाय बसवल्याची नोंद असलेला कागद मागून घ्यावा, कारण तो पुढे उपयोगी पडतो.

परतीला जयपूरच्या विमानतळावर उभे असताना एक गोष्ट आठवली. काठमांडूहून निघालेल्या विमानाचे डिसेंबर १९९९ मध्ये अपहरण होऊन ते कंदाहारला नेले गेले, आणि त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास जिथून आरंभ झाला तो हा जयपूरचाच विमानतळ, वर्ष २०००. त्याआधी १९८५ साली एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ माणसे गेली होती आणि नागरी विमान सुरक्षा ब्युरोला १९८७ मध्ये स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला तो त्याच पार्श्वभूमीवर. तपासणीला वैतागणाऱ्या प्रवाशाने हा इतिहास विसरू नये असे मला वाटते. अंगझडती नको असेल तर विमानात बसता येत नाही, आणि ही अट मला अन्यायाची वाटत नाही. ती कशी घेतली जाते, यावर मात्र बोलण्याचा अधिकार प्रवाशाला आहे.

थेट विमान न मिळाल्याने परतीला मध्ये एका शहरात विमान बदलावे लागले आणि तिथे पुन्हा तपासणी झाली. त्या विमानतळाचे नाव लिहीत नाही, कारण एका कर्मचाऱ्याच्या एका दुपारवरून सगळ्यांना तोलण्याची माझी इच्छा नाही. गर्दी होती, मामा माझ्या पुढे होते आणि या वेळी आधी सांगायचे राहून गेले. काठी एक्स-रेच्या पट्ट्यावरून पुढे निघून गेली, मामा आधाराविना चौकटीतून गेले आणि यंत्र वाजले. तरुण कर्मचाऱ्याने पोटरीवर हात ठेवला, तो दचकला आणि म्हणाला, पाय काढून ट्रेमध्ये ठेवा. मागे निदान चाळीस माणसे उभी होती. मामा काही न बोलता वाकले आणि पायजमा वर गुंडाळू लागले. त्यांचा एक हात त्या चौकटीला टेकलेला होता, त्यामुळे यंत्र पुन्हा पुन्हा वाजत होते, आणि मला पलीकडे जाऊ देत नव्हते.

मी जिथे उभा होतो तिथूनच मोठ्याने म्हणालो की पाय काढावा लागू नये असा नियम आहे, तपासणी आडोशाला करावी आणि वरिष्ठांना बोलवावे. आवाज चढला होता, हे कबूल करतो. वरिष्ठ दोन मिनिटांत आले. त्यांनी मामांना नमस्कार केला, काठी परत दिली आणि पडदा लावलेल्या खोलीत नेऊन पुण्यासारखीच पट्टीची तपासणी करून घेतली. सोबतीला मलाही आत घेतले. पाय अंगावरच राहिला. बाहेर आल्यावर मामा एवढेच म्हणाले, ‘अरे, चारचौघांत पाय काढायचा म्हणजे धोतर सोडल्यासारखं वाटतं.’

मी नियमाचा उल्लेख केला तो ऐकीव नव्हता. अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये कृत्रिम पाय काढायला लावल्याबद्दल चित्रफीत प्रसिद्ध केली होती आणि सुरक्षा दलाने त्यांची जाहीर माफी मागितली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीजा घोष यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की मानवी प्रतिष्ठेचा विचार करता कृत्रिम अवयव किंवा कॅलिपर (दुबळ्या पायाला बाहेरून आधार देणारा साचा) लावलेल्या व्यक्तींना ते काढायला सांगू नये. जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार, आहे. २०१२ मध्ये त्यांना विमानातून उतरवण्यात आले होते आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई मंजूर केली होती. यातला कुठलाही आदेश तपासणीला नकार देण्याची मुभा देत नाही; पट्टी, हातातला डिटेक्टर आणि पडद्याची खोली या साधनांनी तेच काम होते, हे आम्ही एकाच प्रवासात दोनदा पाहिले. जिथे साधन आहे तिथे माणसाला उघडे करण्याची गरज उरत नाही. अडचण बहुधा नियमात नसते. सकाळपासून हजारभर माणसे तपासून थकलेल्या माणसापर्यंत तो नियम पोचलेला नसतो.

एक विषय थोडा बाजूचा, पण त्याच धाग्यातला. डिजीयात्रा ही चेहरा ओळखून प्रवेश देणारी सोय डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसीपासून सुरू झाली आणि आता पुण्यासह अनेक ठिकाणी आहे. ती ऐच्छिक आहे. विमान सुटल्यानंतर २४ तासांत विमानतळावरची माहिती पुसली जाते, असे तिचे धोरण सांगते. याआधीच्या एका प्रवासात, दुसऱ्याच एका प्रवेशद्वारावर, गणवेशातल्या एका मुलीने ‘रांग लवकर सरकेल’ म्हणून माझ्यासमोर फोन धरला आणि मी विचारेपर्यंत छायाचित्र निघाले होते. सामानाची आणि अंगाची झडती सक्तीची आहे, म्हणून तिला नियमांचे कुंपण आहे. चेहऱ्याची नोंद ऐच्छिक आहे, तर तिथे ‘हो’ म्हणण्याइतका वेळ तरी मिळायला हवा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिला आहे. मामांकडे साधा फोन असल्याने आम्ही या वेळी दोन्हीकडे आधारकार्ड दाखवून नेहमीच्या रांगेतून गेलो. कोणी अडवले नाही, दहाएक मिनिटे जास्त लागली इतकेच.

मागून जाणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. व्हीलचेअर लागणार असेल तर विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावे. चालता येत असले तरी ती घ्यावी, कारण मदतनीस सोबत असला की तपासणीच्या ठिकाणी बसायला जागा मिळते. मामांना हे पटवायला मला अर्धा दिवस लागला आणि परतीला त्यांनी पुन्हा नकार दिला, त्याचे फळ वर लिहिले आहे. सैल पायजमा किंवा रुंद पायाची पँट घालावी. पेसमेकर असलेल्यांनी त्याचे कार्ड खिशात ठेवावे आणि चौकटीऐवजी हाताने तपासणी करण्याची विनंती करावी. महिलांची झडती महिला कर्मचारीच आडोशाला घेतात. कृत्रिम अवयव असेल तर तेही त्यांना तिथेच, सुरुवातीला सांगावे. काठी ट्रेमध्ये ठेवण्याआधी ‘मला उभे राहता येणार नाही’ असे म्हणावे आणि खुर्ची येईपर्यंत काठी सोडू नये.

घरी आल्यावर मी विमानप्रवाशांच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर त्या दुपारची नोंद केली. वेळ आणि तपासणीच्या रांगेचा क्रमांक मी तिथेच बोर्डिंग पासच्या मागे टिपून ठेवला होता, त्यामुळे लिहिणे सोपे गेले. पहिल्या परिच्छेदात त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे आभार मानले आहेत. दुसऱ्यात, मामांच्या सांगण्यावरून, चौकटीच्या अलीकडे, जिथे काठी ट्रेमध्ये जाते तिथे, एक साधी खुर्ची मागितली आहे.