सोलापुरातल्या इंटरनेट प्रोव्हायडरांनो, आयपीव्ही६ कधी देताय?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. रात्रपाळीला लूम चालू असतात, तेव्हा तिथले कॅमेरे जुळे सोलापूरच्या घरातून दिसावेत, एवढीच अपेक्षा. फायबर आहे, स्पीडही चांगला. तरी बाहेरून रेकॉर्डरपर्यंत थेट पोचता येत नाही, कारण प्रोव्हायडरने अनेक ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे, बसवलंय. स्वतंत्र पत्ता हवा तर जादा पैसे.

आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे साधारण ४३० कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे पत्त्यांची संख्या अफाट. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा दिला तरी तुटवडा नाही (फायरवॉल मात्र नीट लावायलाच हवी). जिओच्या मोबाइल नेटवर्कवर ते कधीचंच आहे. मग घरच्या फायबरवर का नको?

त्याहून मला काळजी वाटते ती इंटरनेटवर माहिती ज्या मार्गांनी जाते त्यांची. कुठला पत्ता कोणाकडे, हे नेटवर्कं एकमेकांना बीजीपीने (मार्ग कळवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) घोषणा करून सांगतात आणि ऐकणारा बहुधा विश्वास ठेवतो. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला केलेली अशीच मार्गाची घोषणा देशाबाहेरच्या नेटवर्कांत पसरली, आणि जगभरात यूट्यूब सुमारे दोन तास कोलमडलं. यावर उपाय म्हणजे आरपीकेआय ही पडताळणीची व्यवस्था: तिच्यात पत्त्याचा मालक त्या पत्त्याची घोषणा कोणी करायची याची डिजिटल सही केलेली नोंद ठेवतो. तिच्याशी न जुळणारी घोषणा राउटरला नाकारता येते. आमचे यूपीआय, जीएसटी, निर्यातीचे कागद याच रस्त्याने जातात. म्हणून रिन्यूअलआधी मी प्रोव्हायडरला लेखी विचारलंय: आयपीव्ही६ कधी देणार, आणि चुकीच्या घोषणा तुम्ही नाकारता का?